स्टॅनले क्रमांक ४ चा जुना रंधा: एका हत्यारावर तीन काळांच्या खुणा

जुन्या हत्यारांची ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी गेल्या महिन्यात स्टॅनले कंपनीचा क्रमांक ४ चा लोखंडी रंधा साडेतीन हजार रुपयांना घेतला. ‘पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, सर्व भाग मूळचे’ असे त्याचे वर्णन दिले होते. रंधा उत्तम चालतो, परंतु हे वर्णन चुकीचे आहे आणि ती चूक रंध्यावरच्या खुणाच दाखवून देतात.

पात्याला टेकू देणारा फ्रॉग आणि मागची मूठ यांच्या मधल्या जागेत तीन तारखा ओतीव अक्षरांत आहेत: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. विक्रेत्याने बहुधा त्यांवरूनच काळ ठरवला असावा. मात्र या पेटंट मिळाल्याच्या तारखा आहेत, रंधा घडवल्याच्या नव्हेत. हे ओतकाम एप्रिल १९१० च्या आधीचे नाही एवढेच त्यांवरून सिद्ध होते, आणि त्याच तारखांचे साचे पुढे कित्येक वर्षे वापरात होते. पुढच्या टोकावरचे ‘बेली’ हे नाव अनेकांना वेगळ्या कंपनीचे वाटते. प्रत्यक्षात ते लेनर्ड बेली या कारागिराचे असून त्याच्या रंध्यांचे हक्क स्टॅनलेने १८६९ मध्ये विकत घेतले होते.

पात्यावरची खूण अधिक बोलकी आहे. तेथे ‘स्टॅनले’ या नावाखाली बदामाची, म्हणजे हृदयाच्या आकाराची, आकृती असून तिच्यात एस. डब्ल्यू. ही अक्षरे आहेत. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी स्टॅनले रूल अँड लेव्हल आणि स्टॅनले वर्क्स या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. त्या १९२० मध्ये एक झाल्या आणि स्टॅनले वर्क्सची आद्याक्षरे हत्यारांवर आली. बदाम आला तो स्टॅनले वर्क्सचे अध्यक्ष राहिलेल्या विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून, कारण ते ‘हृदय’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे ऐकू येते. हे चिन्ह १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच वापरले गेले, म्हणजे माझे पाते महायुद्ध संपल्यानंतरचे आहे.

पाते दाबून धरणाऱ्या पट्टीचे छिद्र काजूच्या आकाराचे आहे. आधीच्या पट्ट्यांवर ते किल्लीच्या भोकासारखे असे आणि काजूचा आकार साधारण १९३३ पासून आला. तेव्हा ही पट्टी बहुधा आणखी नंतरची असावी. कोणा सुताराने तुटलेला भाग बदलून हे हत्यार चालू ठेवले असेल, तर त्यात गैर काही नाही. पण मग ‘सर्व भाग मूळचे’ असे लिहायला नको होते, कारण खूण ज्या भागावर असते त्या भागाचेच वय सांगते.

कामाबद्दल तक्रार नाही. नऊ इंच लांबीचा तळ सपाट आहे, दोन इंची पाते निसण्यावर लावल्यावर सागाच्या फळीवरून कागदाइतके पातळ, अखंड छिलके निघाले, आणि खोली कमी-जास्त करणारी पितळी चाकी हलकी फिरते.

खरे दुःख वेगळेच आहे. विक्रेत्याने गंज काढण्यासाठी पात्यावर यंत्राचा तारेचा ब्रश फिरवला असून त्यात बदामाची डावी कड जवळपास पुसली गेली आहे. शंभरेक वर्षे टिकलेली खूण अशी काही मिनिटांत जाते. रॉकेलमध्ये भिजवून मऊ कापडाने पुसले असते तरी पुरे होते. अक्षरे अंधूक असतील तर त्यांत खडू चोळावा आणि बाजूने तिरपा उजेड पाडावा. बहुतेक वेळा नाव वाचता येते.

रोज वापरायचे हत्यार म्हणून ही किंमत योग्य आहे, संग्रहासाठी मात्र जास्त आहे. या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेण्याआधी मी बाहेर काढलेल्या पात्याचे, दाबपट्टीचे आणि फ्रॉगमागच्या अक्षरांचे स्वतंत्र फोटो मागवीन, आणि तेही सफाई करण्यापूर्वीचे.