करी रोडचा वन बीएचके, नोटरीचा कागद आणि माझे १६,५७,०००

करी रोड स्टेशनपासून चालत जाता येईल असा टॉवर, जुन्या गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला. ३८५ चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके, किंमत १ कोटी १२ लाख. त्या भागाचे भाव माहीत असलेला कुणीही म्हणेल, इतकं स्वस्त म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मीही विचारलं होतं. मुलगा बाहेर शिकायला चाललाय, पैसे लवकर हवेत, असं मालक म्हणाला. अशी गरज कुणाच्या घरात नसते?

माझे वडील लालबागलाच गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे चाळीतली खोली विकून आम्ही डोंबिवली गाठली. लालबाग-करी रोड भागात परत घर घ्यायचं माझ्या मनात किती वर्षं होतं, हे मी एजंटला पहिल्याच भेटीत सांगितलं. तुम्ही सांगू नका. घर कशासाठी हवंय हे कळलं की घाई कशी लावायची हेही त्यांना कळतं.

मालक तोतया नव्हता, हेच तर सगळ्यात वाईट. फ्लॅट खरंच त्याच्या नावावर होता. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, मी स्वतः ऑनलाइन काढला, नाव जुळलं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहिलं. फ्लॅटवर कर्ज आहे हेही त्यानेच आपणहून सांगितलं. वर म्हणाला, “ताई, तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, १,१२,००० वाचतील.” सवलतीचं खरंच होतं. आपल्या फायद्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसावर संशय कोण घेतो?

टोकन ५१,०००. नोटरीकडे समझोता करार केला त्या दिवशी ११,००,०००. मग तो म्हणाला, कर्जाचे ४,५०,००० राहिलेत, तेवढे भरले की मूळ कागद सुटतील आणि लगेच रजिस्ट्रेशन करू. व्हॉट्सअॅपवर बँकेचं पत्र पाठवलं.

त्या पत्रावर आकडा होता ४,५०,०००.००. गोल. मी अकाउंट्समध्ये काम करते. कर्ज बंद करायच्या पत्रात सहसा गोल आकडा येत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. त्यात त्या तारखेपर्यंतचं व्याज असतं, पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज वेगळं लिहिलेलं असतं, पत्र किती तारखेपर्यंत चालेल तेही असतं. यातलं काहीच तिथे नव्हतं. मी ते पत्र मार्च एंडच्या गडबडीत, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मोबाइलवर पाहिलं. एजंट दुसऱ्या फोनवर सांगत होता, दुसरी पार्टी आज संध्याकाळी चेक घेऊन येतेय. रक्कम थेट कर्जखात्यात भरते, असंही मी म्हटलं होतं. मालक म्हणाला, “तिसऱ्याच्या खात्यातून आले की बँक प्रश्न विचारते, माझ्याकडे टाका, उद्या मीच भरतो.” टाकले, आरटीजीएसने. तो आकडा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. कर्ज फेडायचं असेल तर पैसे कर्जखात्यातच जाऊ द्या, आणि पत्र बँकेच्या शाखेत जाऊन स्वतःच्या हाताने घ्या, मालकाला सोबत नेऊन. तो यायला टाळतो? उठा तिथून.

एजंटचे ५६,००० वेगळे. एकूण १६,५७,०००.

पुढे फोन बंद. गेले तर दारावर बँकेची नोटीस डकवलेली: थकबाकी ६१,३८,४१२. दारापाशी एक गृहस्थ उभे होते, त्यांच्याकडेही त्याच फ्लॅटचा नोटरी केलेला करार. नंतर आणखी दोघे सापडले. नोटरीचा कागद इंडेक्स टूमध्ये दिसतच नाही, म्हणून एकच फ्लॅट चौघांना दाखवता येतो. पहिली मोठी रक्कम द्यायच्या आधी करारनामा दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. नोंदणीचे ३०,००० वाचवू नका. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायचं माझ्या वकिलाने सुचवलं होतं. मालक म्हणाला, सोसायटीत बोभाटा होईल. तो बोभाटाच आम्हाला वाचवणार होता, कारण आधीचे तिघे ती सूचना वाचून समोर आले असते.

आणि पोलीस! फ्लॅट ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, तिथे सांगितलं, पैसे डोंबिवलीच्या खात्यातून गेले, तिकडे जा. तिकडे म्हणाले, घर मुंबईत, मुंबईला जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र (ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे बोलल्यावर साहेब म्हणाले, “मॅडम, करार झालाय ना? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” एक फ्लॅट चौघांना विकणं आणि बँकेचं खोटं पत्र बनवणं दिवाणी? मग फौजदारी कशाला म्हणतात? एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला, आणि त्याची पोच मागितली तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आरोपी. बँक म्हणते ग्राहकाची माहिती देता येत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात तुम्ही सभासद नाही. निबंधक कार्यालय म्हणतं नोटरी आमच्याकडे येत नाही. नोटरी म्हणतो मी फक्त सह्या पाहिल्या. रेरात, म्हणजे बांधकाम क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणात, विचारलं तर दोन व्यक्तींमधला रीसेल त्यांच्या कक्षेत नाही. प्रत्येकाकडे आपापला नियम तयार आहे, आणि तो माणूस चौघांचे पैसे घेऊन मोकळा फिरतोय. नातेवाईक मलाच विचारतात, शिकलेली असून कशी फसलीस? त्याला कुणी काही विचारत नाही.

पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज दिलाय. त्याची पोच जपून ठेवा, त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना ती लागते. चौघांपैकी एकाने घरच्यांना अजून सांगितलेलंच नाही, तो सही करायला घाबरतोय. आम्ही तिघे पुढच्या आठवड्यात एकत्र प्रतिज्ञापत्र करतोय. करी रोड, चिंचपोकळी भागात एखाद्या फ्लॅटसाठी तुम्हीही नुसता नोटरीचा कागद घेऊन पैसे दिले असतील, तर उरलेली रक्कम आजच थांबवा.