२६० वॅटचा एसएमपीएस, ७० वॅटचं कार्ड: आठ महिन्यांनंतर

आमचा कॉम्प्युटर एका ऑफिसातून उतरलेला आहे. ब्रँडेड टॉवर, आय५-८५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम. भाव ऐकून लगेच उचलला आणि आत काय आहे ते घरी आणल्यावर उघडून पाहिलं. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, २६० वॅटचा. बदलायचा म्हटलं तर मदरबोर्डवर नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरच नाही, त्या कंपनीचा आपला वेगळाच छोटा. बाजारातला कुठलाही एसएमपीएस सरळ बसणार नाही. आणि ग्राफिक्स कार्डाला (चित्रं, व्हिडिओ, गेम यांचं काम उचलणारं वेगळं कार्ड) द्यायला एकही जादा वायर नाही.

मी इंदूरच्या रामबागेतल्या घरूनच काम करते. एका इंटिरियरवाल्यांसाठी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांचे थ्रीडी व्ह्यू काढते, शिवाय मधूनमधून कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करते. मुलगा अकरावीत आहे, त्याला गेम हवेत. घरात मात्र कार्डाची मागणी माझ्या कामाच्या नावावर झाली.

आधी केलेली चूक सांगते, कारण ती माझ्यासारख्या मशीनवाल्या पुष्कळांकडून होत असणार. ओळखीतून एक जुनं जीटीएक्स १०६० स्वस्तात मिळालं. १२० वॅटचं कार्ड, वर ६ पिनांचं सॉकेट. एका दुकानात विचारलं तर त्याने ड्रॉवरमधून एक पिटुकला कन्व्हर्टर काढला. एका टोकाला हार्ड डिस्कला लागतो तो साटा पॉवरचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला ६ पिन. "दीदी, लगा लो, कुछ नी होता." लावला. पहिला दिवस खरंच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठा रेंडर (थ्रीडी सीनचं पक्कं चित्र बनवायचं काम) लावून मी पोळ्या करायला गेले, तर सासूबाई हॉलमधून ओरडल्या, "अगं, गॅसवर काही राहिलंय का? जळका वास येतोय." गॅस बंद होता. कॅबिनेट उघडलं तर साटाच्या कनेक्टरचं काळं प्लास्टिक एका बाजूने वितळून पापडाच्या कडेसारखं वळलं होतं आणि आत वायरला चिकटून बसलं होतं. ओढून निघेना, शेवटी पक्कड घ्यावी लागली. कार्ड वाचलं, मदरबोर्डही वाचला. नशीब म्हणायचं.

मग रात्री बसून हिशेब केला. तो आधीच करायला हवा होता. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, दर पिनेला दीड अँपियर. म्हणजे साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅट. त्याच्या दुसऱ्या टोकाचं ६ पिनांचं सॉकेट मात्र ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. बारीक नळाला जाड पाइप जोडला म्हणून पाणी वाढत नाही, पण इथे कार्ड ते ओढायला बघतं आणि मधला सांधा तापतो. ८ पिनांचं सॉकेट असतं तर १५० वॅटपर्यंतची गोष्ट होती, ते तर विचारूच नका.

उलट मदरबोर्डच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्वतःच ७५ वॅटपर्यंत देतो. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टवर, बाकीचे ३.३ व्होल्टवर. बिनवायरीच्या कार्डांची सगळी दुनिया या ७५ वॅटच्या आतली. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला होता: वॅट होते, वाट नव्हती. (हा विनोद मुलाला ऐकवला तेव्हा त्याने हेडफोन लावले.)

आता थोडं एसएमपीएसबद्दल. २६० हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या ४५० वॅटवाल्याला भारी समजतात. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपियर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळं तिथूनच खातात. दिराकडच्या ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपियर लिहिलेत, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रांगांत वाटलेले, ज्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. आमचा २६० वाला त्या मानाने खरं बोलणारा निघाला.

तर ७५ वॅटच्या आत काय काय आहे? जुनं जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१६ चं, ४ जीबी. सेकंडहँड बाजारात याच्या नावाने खूप फसवणूक चालते. कुठलं तरी जुनाट कार्ड त्याचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून खपवतात. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर चालवलं की नकली असल्यास ते नावाच्या आधी तसं लिहून दाखवतं, विकणाऱ्यासमोरच चालवावं. मग २०१९ चं जीटीएक्स १६५०. चांगलं, पण त्याच्या बऱ्याच ओव्हरक्लॉक (वेग वाढवलेल्या) मॉडेलांना ६ पिनांचं सॉकेट असतं, त्यामुळे नुसत्या नावावर न जाता खोक्यावरचा कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो बघावा. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं. पण ते स्लॉटच्या चारच लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरतं, आणि माझ्यासारख्या पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डवर ती तोटी आणखी अरुंद होते. शिवाय व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ फाइलमध्ये दाबून बसवणारा भाग) नाहीच, म्हणजे एडिटिंगवाल्यांना कामाचं नाही. इंटेलचं आर्क ए३८० मला मनापासून आवडलं होतं, ६ जीबी, एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारात एन्कोडिंग. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर सांगतं. माझा आठव्या पिढीचा. तेही गेलं.

उरलं आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. ही ६ जीबीची अट फार महत्त्वाची, कारण त्याच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॅटचं, त्याला वायर हवीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं. त्यात नुसती मेमरी कमी नाही, कोअरही (आकडेमोड करणारे भाग) २५६० चे २३०४ झालेत आणि मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता, १२८ बिटची ९६ बिट. नाव तेच ठेवून कार्ड असं कापायचं हे मला अजिबात पटलेलं नाही. पण माझ्या टॉवरला त्या कापलेल्याचाच उपयोग होता. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तीन-चार दुकानं फिरून दिवाळीनंतर १६,८०० ला घेतलं. काउंटरवर आधी ८ जीबीवालंच पुढे आलं होतं, "एक ही चीज़ है" म्हणत. एक नाही.

बसवताना दोन भानगडी झाल्या. कार्ड दोन स्लॉटच्या जाडीचं, ते मदरबोर्डवरच्या एका साटा पोर्टवर आडवं आलं. एल आकाराची केबल आणावी लागली. दुसरी म्हणजे स्क्रीन काळीच. पाऊण तास डोकं फोडल्यावर मुलाच्या लक्षात आलं की मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टात आहे.

कामात फरक किती? बैठकीच्या खोलीचा जो व्ह्यू प्रोसेसरवर ४० मिनिटं घ्यायचा, तो ऑप्टिक्स (ब्लेंडरमधली कार्डावर रेंडर करायची सोय) चालू करून चार-साडेचार मिनिटांत येतो. क्लायंट फोनवर असतानाच सोफ्याचा रंग बदलून दाखवता येतो (आणि मग ते आणखी सहा रंग मागतात, हा वेगळा त्रास). रंगपंचमीच्या गेरचं (रंगांच्या मिरवणुकीचं) शूटिंग मोबाइलवरचं फोरके होतं, टँकर, गुलाल, राजवाड्यासमोरची गर्दी. ते टाइमलाइनवर न अडखळता चाललं. पूर्वी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, बनवत बसायचे.

६ जीबी मात्र भरतात. एका बंगल्याच्या सीनमध्ये पडदे, गालिचे, लाकूड, सगळ्यांना फोरके टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) लावली आणि ब्लेंडरने मेमरी संपल्याचं सांगून हात वर केले. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र मेमरीत साधारण ६४ एमबी घेतं, टूकेचं १६. गालिचा सोडून बाकी सगळी टूकेवर आणली. प्रिंटमध्ये कुणालाही कळलं नाही. खरी हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: एक फोटोग्राफर ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज देतो आणि ३०५० चा डिकोडर (व्हिडिओ उलगडून दाखवणारा भाग) तो प्रकार घेत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ए३८० ने तो घेतला असता.

भिंतीच्या प्लगमध्ये वॅटमीटर लावून महिनाभर आकडे लिहिले. नुसतं चालू असताना ४१ वॅट. रेंडरला ११८ च्या आसपास. गेमला १६० पर्यंत. मुद्दाम प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण ताणले तेव्हा १८७, आणि हा भिंतीवरचा आकडा, म्हणजे एसएमपीएस स्वतः गरम होऊन जे खातो तेही त्यातच. २६० च्या पुष्कळ आत. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो म्हणजे ३६० वॅट. चालू रेंडरमध्ये दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा फाइल सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला.

मे महिन्यात मात्र कार्ड तापलं. एरवी ६६-६७ अंशांवर असायचं, ते दुपारी ७८ वर जाऊ लागलं आणि एकच पंखा असल्याने शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पुढची जाळी काढली तर आत धुळीची गोधडी. ब्रशने साफ केल्यावर पाच अंश उतरले. आता महिन्याला एक रविवार त्यासाठी.

गेमबद्दल मी काय सांगणार. १०८०पीला मध्यम सेटिंगवर जीटीए ५ छान चालतं, असं मुलगा म्हणतो. व्हॅलोरंटचे फ्रेम दीडशेच्या वर जातात असंही सांगतो, पण आमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, तेव्हा ते कौतुक आकड्यापुरतंच.

गेल्या आठवड्यात त्याने आरटीएक्स ४०६० चा विषय काढला. ११५ वॅट, ८ पिनांचं सॉकेट. मी वायर कुठून आणणार ते विचारलं. तो "कन्व्हर्ट" एवढंच म्हणाला आणि सासूबाई पोथीतून मान वर न करता म्हणाल्या, "तो वास परत नको हं घरात."