पिवळं कार्ड आणि ठाण्यातली ती खोली

घाना, नायजेरिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट, यांपैकी कुठेही निघायची तयारी चालू असेल आणि एजंट म्हणाला, "येलो फीवरच्या लसीचं माझ्यावर सोडा," तर ते अजिबात त्याच्यावर सोडू नका. आमची फसवणूक तिथेच झाली. पैसे गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण माझ्या नवऱ्याच्या दंडात त्या दिवशी काय टोचलं गेलं हे आम्हाला आजही माहीत नाही, याचा संताप जास्त आहे.

आमची मुलगी आणि जावई घानात तेमाला राहतात. अक्राच्या शेजारचं ते बंदराचं, कारखान्यांचं शहर. मुलीचं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं, म्हणून आम्ही दोघं नाशिकहून जाणार होतो. घानाच्या व्हिसासाठी डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची, म्हणजे येलो फीवरची, लस घेतल्याचा दाखला जोडावा लागतो. अक्राच्या विमानतळावर उतरल्यावरही तो दाखवावा लागतो. ओळखीतून एक एजंट मिळाला. व्हिसा, तिकीट, विमा, लस आणि मलेरियाच्या गोळ्या असं सगळं एका पॅकेजमध्ये. "काका-काकू, तुम्ही फक्त बॅगा भरा," असं म्हणायचा. बोलायला इतका गोड की शंका घ्यायला जागाच नव्हती. एकट्या लसीचे त्याने माणशी साडेसहा हजार लावले होते.

लसीसाठी त्याने आम्हाला ठाण्याला बोलावलं. दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दारावर क्लिनिकची पाटी, आत पांढरा कोट घातलेला एक तरुण. इंजेक्शनं आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली होती. त्याने नावं विचारली, पासपोर्टवर नजर टाकली, टोचलं आणि पिवळी पुस्तिका, म्हणजे दाखल्याचं कार्ड, हातात दिली. पाच मिनिटांत आम्ही खाली रस्त्यावर होतो. कुठलं औषध चालू आहे, कसली ॲलर्जी आहे, आधी काही आजार झालाय का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही.

यांना रूमॅटॉइड संधिवात आहे आणि त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा यांनी डॉक्टरांना सहज सांगितलं, घानाला चाललोय, लसही झाली. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "कोणी दिली लस? मला न विचारता?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी समजावलं. पीतज्वराच्या लसीत दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. मेथोट्रेक्सेटमुळे प्रतिकारशक्ती दबते. अशा माणसाला ही लस दिली तर तोच विषाणू अंगात डोकं वर काढू शकतो. शिवाय साठीच्या पुढे गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून त्या वयात ही लस विचार करूनच देतात. यांनी नुकतीच साठी ओलांडली आहे.

डॉक्टरांनी कार्ड मागून घेतलं आणि एकेक रकाना दाखवत गेले. लस बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर जिथे हवा ती जागा कोरी. लस घेतल्याची तारीख आम्ही ठाण्याला गेलो त्याच्या बऱ्याच आधीची. मुदत दहा वर्षांची लिहिलेली. जुलै २०१६ पासून हा दाखला जन्मभर ग्राह्य धरला जातो, दहा वर्षांचा नियम तेव्हाच गेला. दाखला लागू होतो तोही लस घेतल्यावर दहा दिवसांनी, पण आमच्या कार्डावर त्याच दिवसापासून लागू असं लिहिलं होतं. आणि शिक्का होता मुंबईतल्या एका सरकारी केंद्राचा! ज्या केंद्राची पायरीसुद्धा आम्ही चढलो नव्हतो.

त्या केंद्रात गेलो. नोंदवहीत आमची नावं नव्हती. तिथल्या बाईंनी कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, शिक्का बनावट आहे.

रात्रभर आम्ही दोघं जागे होतो. इंजेक्शनात खरी लस असेल तर यांच्या जिवाला धोका, आणि नसेल तर मग काय होतं? नुसतं पाणी? आणि सुई तरी नवी होती का? डॉक्टरांनी यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, कावीळही पाहिली. सुदैवाने सगळं ठीक निघालं. पण ते रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढे मी सरकारी केंद्रातून रीतसर लस घेतली, तेव्हा फरक डोळ्यांनी पाहिला. आधी फॉर्म, मग प्रश्न: अंड्याची ॲलर्जी आहे का, कोणती औषधं चालू आहेत, थायमस ग्रंथीचा काही आजार होता का, नुकतीच दुसरी कुठली लस घेतली आहे का. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात थंड ठेवतात आणि द्यायच्या वेळी त्यात द्रावण मिसळतात. मिसळल्यावर सहा तासांत ती संपवावी लागते, आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात. म्हणून केंद्रं दिवस ठरवून, माणसं एकत्र बोलावून ती देतात. माझ्यासमोर कुपी उघडली, बॅच नंबर कार्डावर उतरवला, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास. सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागलं, एवढाच काय तो त्रास.

मलेरियाच्या गोळ्यांचीही तीच गत. एजंटने क्लोरोक्विनच्या पट्ट्या दिल्या होत्या. पश्चिम आफ्रिकेतल्या फॅल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या मलेरियावर प्रतिबंध म्हणून क्लोरोक्विन भरवशाचं राहिलेलं नाही. माझ्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं, जायच्या आधी सुरू करून परत आल्यावर चार आठवडे घ्यायचं. कुणाला ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देतात, कुणाला मेफ्लोक्विन. प्रत्येकाची तब्येत बघून डॉक्टरच ते ठरवतात.

काही जण मला म्हणाले, कार्ड तर होतं ना, कोण तपासतंय एवढं? हे ऐकून माझं डोकं फिरतं. पीतज्वरावर नेमकं औषध नाही. आजार गंभीर झाला तर कावीळ होते, रक्तस्राव होतो, माणसं दगावतात. आपल्या देशात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र घरोघरी आहे, डेंग्यूचा तोच. म्हणून तर पीतज्वराच्या देशांतून वैध दाखल्याशिवाय परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. खोट्या कार्डावर कुणी तो विषाणू अंगात घेऊन उतरला तर काय होईल, याचा विचार करा. आणि या लसीचं मूळही घानातच आहे. १९२७ साली, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, असिबी नावाच्या आजारी माणसाच्या रक्तातून जो विषाणू मिळाला, त्याच्यापासूनच पुढे ही लस तयार झाली आणि तिच्यासाठी माक्स थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. त्याआधी, १९२८ मध्ये, याच आजाराचा शोध घेताना हिदेयो नोगुची हे जपानी संशोधक अक्रात त्याच आजाराने वारले. ज्या लसीसाठी माणसांनी प्राण दिले, तिचा असा बाजार मांडलेला बघवत नाही.

यांना लस देता येणार नाही असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं आणि त्यांचं जाणं रद्द झालं. मी एकटी गेले. अक्राच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या आधीच कार्ड तपासलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे व्यवहाराचा पुरावा हाती आहे. मेसेज आणि बनावट कार्डंही जोडली. एजंटचा फोन बंद आहे, ठाण्याच्या खोलीवरची पाटी उतरली आहे, पण असे लोक नाव बदलून दुसरीकडे बसतात. लसीची मान्यताप्राप्त केंद्रं कोणती, याची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एजंटने नेलेलं ठिकाण त्या यादीत नसेल तर दंड पुढे करू नका. ज्यांनी आधीच एजंटकडून कार्ड घेतलंय, त्यांनी विमानात बसायच्या आधी, कार्डावर ज्या केंद्राचा शिक्का आहे तिथे जाऊन आपलं नाव नोंदवहीत आहे का ते विचारून घ्या. नसेल तर कार्ड फाडू नका, ते पोलिसांना लागेल.