स्लायडिंग दाराचं हँडल-लॉक : नऊ महिन्यांचा अनुभव

रविवारी बाल्कनीच्या स्लायडिंगचं हँडल ओढलं आणि त्याचा खालचा स्क्रू डोक्यापाशीच तुटला. बसवून जेमतेम नऊ महिने झालेत, म्हणून लिहायला बसलो.

वसईतलं आमचं घर 1998 चं, दारही तेव्हाचंच, अ‍ॅल्युमिनियमचं. जुन्या लॉकचा आकडा, म्हणजे चौकटीच्या खाचेत अडकणारा हुक, झिंकचा ओतीव होता, तो मधोमध तुटला. अशी दारं बनवणारा फॅब्रिकेटर म्हणाला, "या आकाराच्या पट्ट्या, हे सेक्शन, आता येत नाही, अख्खं दारच बदला," आणि 22 हजार सांगितले. पल्ले धडधाकट, काचेवर साधा चरा नाही. एका आकड्यापायी एवढे पैसे घालवायला मन तयार होईना. जुनं लॉक पिशवीत टाकून मुंबईला हार्डवेअरच्या दुकानांची नागदेवी स्ट्रीट गाठली. चौथ्या दुकानात जोड मिळाली, हँडलसकट 640 रुपये.

जुना नमुना सोबत न्याच. फोटोवरून घेऊ नका. दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर दोन मिलिमीटरनं चुकलं तरी लॉक बसत नाही, आणि जुन्या भोकाला खेटून नवं पाडलं तर पातळ अ‍ॅल्युमिनियममध्ये स्क्रू पकड घेत नाही.

जुलैत लॉक लागेनासं झालं. किल्ली फिरायची, पण आकडा समोरच्या पट्टीच्या खाचेत न शिरता तिच्यावर आपटायचा. माल भिकार आहे, असं मी घरात सगळ्यांना सांगूनही झालं. मग आईनं दाखवलं, दार जरा वर उचलून धरलं की लॉक लागतंय! खालची बेअरिंग झिजून पल्ला तीनेक मिलिमीटर खाली बसला होता. पल्ला ट्रॅकमधून काढून दोन्ही बेअरिंग बदलली, 160 रुपये लागले. तेव्हापासून लॉक एका बोटानं लागतं. लॉकबद्दल जे बोललो ते मागे घेतो. आकडा स्टीलचा आहे, पावसाळाभर जराही हललेला नाही.

पण स्क्रू! 640 रुपये घेऊन सोबत मुलामा दिलेले साध्या लोखंडाचे स्क्रू देतात, याचा मला खरंच राग आहे. खाऱ्या हवेत मुलामा उडतो, लोखंड गंजून फुगतं, शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू आत घट्ट रुतून बसतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "स्क्रूची गॅरंटी नसते." मोडलेला तुकडा ड्रिलनं काढायला माझा दीड तास गेला. वरचाही काढून पाहिला, तोही अर्धा खाल्लेला होता. त्यांच्या जागी 304 ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणले, 14 रुपयांना दोन, आणि आट्यांना ग्रीस लावून बसवले.

तुम्ही आजच बसवणार असाल तर पाकिटातले स्क्रू तसेच राहू द्या, हे 14 रुपये आधी खर्च करा. कुलपात मात्र तेल घालू नका, त्यात धूळ चिकटते. किल्लीवर पेन्सिलचं शिसं घासलं तरी पुरतं, आम्ही तेच करतो.