१४४१६ ला (टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन लावून बघितला, कसा वाटला ते सांगतो

गेलं वर्षभर गुहागरला घरी बसून ऑनलाइन एमकॉम करतोय. ऐकायला भारी वाटतं, समुद्र पाच मिनिटांवर वगैरे, पण पावसात लाईट जाते, रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात आणि सोबतची पोरं सगळी पुण्या-मुंबईला, त्यामुळे जुलैत असं झालं की लेक्चर लावून नुसता कौलांकडे बघत बसायचो, झोप पहाटे चारला, आईवर उगाच चिडचिड.

घरी बोलायची सोय नाही. आमच्याकडे मनाचं काही काढलं की 'ह्याला रत्नागिरीला न्या' हा जोक ठरलेला, तिथे मनोरुग्णालय आहे ना!

शेवटी टेली-मानसला फोन केला. २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सरकारी म्हणून आधी नाक मुरडलेलं, खोटं कशाला बोलू. पण पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही, आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, मध्येच कॉल कट झाला (आमच्या टॉवरची कृपा), परत लावला तर दुसऱ्या मॅडम, म्हणजे थोडं पहिल्यापासून सांगावं लागलं, चालायचंच.

सांगितलं ते साधंच: गादीवर अभ्यास नको, उठायची वेळ एकच, दोन लेक्चरनंतर बाहेर पड, एका मित्राबरोबर फोनवर अभ्यास कर. मित्रवालं जास्त लागू पडलं. झोप अजून बारा-साडेबारा, पण चार नाही. जास्त त्रास असेल तर डॉक्टरकडे जायलाच लागेल, हे त्यांनीच सांगितलं.

पाचातले चार स्टार, एक रेंजचा कापला.