उघड्या यार्डातील गॅन्ट्री क्रेनचा देखभाल करार: दोन वर्षांचा अनुभव

पलूस औद्योगिक वसाहतीत आमचे सिमेंट पाईपचे कास्टिंग यार्ड आहे. यार्डावर पत्रा नाही. दहा टनी, अठरा मीटर स्पॅनची (दोन रुळांमधील अंतर) गॅन्ट्री क्रेन, म्हणजे पायांवर उभी असलेली क्रेन, बारा महिने ऊन-पावसात रुळांवर फिरत असते. तिच्या वार्षिक देखभालीचे काम गेली दोन वर्षे मिरजेकडील एका संस्थेकडे आहे. पुढे तक्रारीही लिहायच्या असल्याने संस्थेचे नाव घेत नाही. मात्र ज्यांची क्रेन शेडबाहेर आहे, त्यांना करार करण्यापूर्वी हा अनुभव उपयोगी पडावा.

यांत्रिक कामात ही मंडळी पक्की आहेत. त्यांचा मिस्त्री वायर रोपवरून (ओझे उचलणाऱ्या पोलादी दोरावरून) सुती चिंधी फिरवतो, जिथे धागा अडकेल तिथे थांबून तुटलेल्या तारा मोजतो आणि मग तीन-चार ठिकाणी व्हर्नियर लावून व्यास वहीत लिहितो. पहिल्याच भेटीत त्याने हूक वर थांबवणाऱ्या लिमिट स्विचचा डबा उघडला, तर आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते आणि स्विचचा दांडा अर्ध्यावरच अडकलेला होता. म्हणजे कित्येक दिवस आमचा ऑपरेटर केवळ नजरेच्या अंदाजाने हूक थांबवत होता; अंदाज एकदा चुकला असता, तर हूक ब्लॉक रोप गुंडाळणाऱ्या ड्रमला धडकून रोप तुटला असता. तेव्हापासून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला रिकामा हूक सावकाश वर नेऊन लिमिट तपासण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरण्याचे कारणही त्यानेच शोधले. केबलची ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली घट्ट जोडणी, बॉक्सच्या वरच्या अंगाला होती. ती खालून घेऊन केबलला थोडा झोल दिल्यावर पाणी बाहेरच ठिबकू लागले. पेंडंटवरची (क्रेन चालवण्याच्या लोंबत्या बटणपेटीवरची) अक्षरे उन्हाने पार उडाली होती आणि जुन्या ऑपरेटरला ती पाठ असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. नव्या मुलाच्या हाती तो पेंडंट देण्याची कल्पना आता नकोशी वाटते.

त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायची क्रेनची तपासणीही याच संस्थेने करवून दिली. भारचाचणीसाठी वजनकाट्यावर तोललेले साडेबारा टनांचे पाईप, म्हणजे क्षमतेच्या सव्वापट वजन, जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलून धरले आणि ब्रेक घसरतो का ते पाहिले. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, आजूबाजूची माणसे हटवून हे काम केले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तक्रार आहे ती वाऱ्याबाबत. करारासोबतचा तपासणी तक्ता छापील होता आणि तो सरळसरळ शेडमधल्या क्रेनसाठी तयार केलेला होता. त्यात रेल क्लॅम्पचा, म्हणजे उभी क्रेन रुळाला जखडून ठेवणाऱ्या पकडीचा, रकानाच नव्हता. परिणामी वर्षभरात क्लॅम्पला ना कोणी ग्रीस लावले, ना तो कधी आवळून पाहिला. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात दुपारी वळीव आला, तेव्हा काम थांबवून माणसे आडोशाला गेली होती आणि क्रेन बंद होती. वाऱ्याने ती रिकामी क्रेन पाच-सहा मीटर ढकलत नेऊन टोकाच्या स्टॉपरवर आदळली. कोणाला इजा झाली नाही, पण एका पायाचे बोल्ट वाकले. एलटीचे, म्हणजे क्रेन रुळांवरून नेणाऱ्या चाकांचे, ब्रेक लागलेलेच होते. ब्रेकने चाक फिरायचे थांबते, परंतु ओल्या रुळावर थांबलेले चाक घसरू शकते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे एरवी शांत उभी असलेली क्रेन झोताबरोबर एकाएकी सरकू लागते. क्लॅम्प गंजून जाम झाला होता, हे नंतर कळले. चूक आमचीही होती, कारण पाळी संपताना क्लॅम्प आवळायचा नियम आम्हीच पाळत नव्हतो. पण देखभालीचे पैसे घेणाऱ्याने तो एकदा तरी हलवून पाहायला हवा होता.

एवढे मात्र म्हणेन की, त्यांनी टाळाटाळ केली नाही. आठवड्याभरात दोन्ही पायांना नवे क्लॅम्प आणि क्रेन उभी करण्याच्या जागी जमिनीत अँकर पिन बसवून दिली. गर्डरवर वारामापक लावला आणि उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेपूर्वीच भोंगा वाजेल असा तो जुळवला. भोंगा वाजताच ओझे खाली ठेवून क्रेन पिनेपाशी नेणे आता ऑपरेटरला सक्तीचे आहे. मोठा पाईप वाऱ्यात गिरकी घेतो, म्हणून त्याला दोर बांधून दुरून आवरण्याची पद्धतही त्यांनीच शिकवली.

दुसरा मुद्दा रुळांचा. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर रुळाचा पायाही वर-खाली होतो. संस्थेने पहिल्या वर्षी रुळांची लेव्हल घेतलीच नाही, म्हणजे त्यांची उंची मोजलीच नाही. चाकाची कड एका बाजूने झिजून चकाकू लागल्यावर आम्ही हट्ट धरला, तेव्हा समोरासमोरच्या रुळांच्या उंचीत एका ठिकाणी अकरा मिलिमीटरचा फरक निघाला.

बिघाडाला मिरजेहून माणूस सहसा त्याच दिवशी येतो. रात्री मात्र फोन उचलला जात नाही. या जूनमध्ये आम्ही करार पुन्हा त्यांच्याशीच केला, परंतु तक्ता आमच्या हाताने लिहून दिला: क्लॅम्प, पिन आणि वारामापक दर भेटीत, रुळांची लेव्हल एप्रिलमध्ये आणि पाऊस संपल्यावर. दुसऱ्या लेव्हलचे पैसे ते वेगळे लावतात, आणि आम्ही ते देतो.