जिरेनियम: बी पेरायचं की फांदी लावायची?

बाल्कनीत दोन-चार कुंड्या हव्या असतील तर जिरेनियमची फांदी लावा. गच्चीच्या कठड्यावर एकाच रंगाची पंधरा-वीस रोपं हवी असतील आणि फुलांसाठी चार महिने थांबायची तयारी असेल, तर बी पेरा. माझं उत्तर इतकं सरळ आहे. ते तुमच्या घराला लागू पडतं का, हे मात्र तुमच्याकडचं ऊन-पाऊस आणि तुम्हाला हवं असलेलं फूल यांवर ठरेल.

आधी झाडाचा स्वभाव. गोलसर लवदार पानांवर गडद पट्टा आणि उंच दांड्यावर फुलांचा गेंद, हे आपलं कुंडीतलं जिरेनियम. शास्त्रीय नाव पेलार्गोनियम, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं. खोड मांसल असल्यामुळे दोन दिवस पाणी चुकलं तरी ते तग धरतं, पण मुळं सतत ओली राहिली की सडतं. पुणे-नाशिककडे त्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेचं ऊन त्याला दमवतं आणि उघड्यावर राहिलं तर पावसाळा त्याला संपवतो. बी की फांदी, हा निर्णय मी या सहा महिन्यांकडे बघूनच घेते.

बियांपासून सुरुवात केली तर पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण साडेतीन ते साडेचार महिने जातात. ऑक्टोबरच्या मध्याला पेरलं तर फुलं फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये. म्हणजे रोप ऐन बहरात येतं तेव्हा उन्हाळा दारात उभा असतो. त्याच सुमारास लावलेली फांदी तीन-चार आठवड्यांत मुळं धरते आणि बहुतेक वेळा जानेवारीत फुलते. थंडीचे महिनेच मोजके असतात तिथे हा महिना-दीड महिना फार मोलाचा. बंगळुरूसारख्या ठिकाणी, जिथे हवा वर्षभर बरी असते, तिथे हा फरक एवढा बोचत नाही.

मग बी पेरावंच कशाला? त्याचं मुख्य कारण म्हणजे निरोगी सुरुवात. फांदी हा आईझाडाचाच तुकडा, त्यामुळे आईला जो रोग असेल तो पिलालाही मिळतो. जिरेनियमला जिवाणूजन्य करपा होतो. पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण शिरतो, पानं माना टाकतात, खोड आतून काळं पडतं. त्यावर घरगुती इलाज नाही, झाड मातीसकट फेकावं लागतं. हा रोग फांद्यांतून सहज पसरतो, बियांतून येत नाही. म्हणून फांदी कुणाकडूनही घ्या, पण आधी आईझाड पानं उलटून बघा आणि दर झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा. कोवळ्या रोपांवरचं संकट वेगळं असतं. जमिनीलगत देठ बारीक होतो आणि सकाळी हिरवंगार दिसलेलं रोप संध्याकाळी आडवं पडतं. ही बुरशीची मर. नवीन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बेताचं पाणी आणि मोकळी हवा एवढं सांभाळलं तर ती बऱ्यापैकी टळते.

पेरणी अवघड नाही. बियांचं कवच कठीण असतं. पाकिटातल्या बियांवर बहुधा प्रक्रिया झालेली असते, घरच्या बिया मात्र पॉलिश पेपरवर हलक्या घासून घ्याव्या लागतात. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको. २१ ते २४ अंश तापमानात आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतो. ऑक्टोबर हीटमध्ये ट्रे उन्हात ठेवू नका. पाकिटात बिया मोजक्याच असतात आणि त्या स्वस्त नसतात, हेही आधी माहीत असू द्या.

एकेकाळी व्यावसायिक रोपवाटिकांमध्येही उत्तम जिरेनियम म्हणजे फांदीचंच, अशी रीत होती. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात रिचर्ड क्रेग यांनी ‘निटनी लायन रेड’ ही बियांपासून तंतोतंत तशीच उगवणारी जात दिली आणि बियांचा मार्ग खुला झाला. आज पाकिटात मिळतात ते बहुतेक संकरित वाण. पाकिटातली रोपं एकसारखी येतात, पण त्या झाडाचं घरी धरलेलं बी पेरलं तर रंग आणि ठेवण बदलते. एकदा घरचं बी धरून बघाच, कारण ते बघण्यासारखं असतं. फूल गळल्यावर बगळ्याच्या चोचीसारखं लांब फळ येतं, वाळल्यावर ते पाच फाट्यांत उकलतं आणि प्रत्येक बीला पिळदार, केसाळ शेपूट असतं. नव्या रंगाची उत्सुकता असेल तर जरूर पेरा. तेच आवडतं फूल पुन्हा हवं असेल तर फांदीला पर्याय नाही.

फुलाचा प्रकारही निर्णय फिरवतो. बियांची बहुतेक रोपं एकेरी पाकळ्यांची. त्यांना फुलं भरपूर येतात, पण पाकळ्या लवकर गळतात. गुलाबासारखी भरगच्च डबल फुलं किंवा पांढऱ्या कडेची दुरंगी पानं हवी असतील तर फांदीच शोधा.

आता फांदी. फूल किंवा कळी नसलेला शेंडा निवडा, लांबी ८ ते १० सेंटिमीटर. पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने काप घ्या. खालची पानं काढा आणि देठाच्या बुडाशी असलेले पापुद्रेही काढा, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. वरची दोन-तीन पानं पुरेत. मग फांदी लगेच मातीत न खोचता काही तास सावलीत नुसती पडू द्या. कापाची ओल जाऊन वर पातळ साय धरली की कोकोपीट आणि भरड वाळूच्या ओलसर मिश्रणात लावा. मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती रूटिंग हॉर्मोनची पावडर नसली तरी चालतं. गुलाब-जास्वंदीच्या सवयीने वरून प्लॅस्टिकची पिशवी मात्र घालू नका. लवदार पानं कोंडलेल्या दमटपणात सडतात. पहिले काही दिवस पानं मलूल दिसतात आणि हात पाण्याच्या झारीकडे जातो. तो आवरायचा. बूड काळं, मऊ पडून काळेपणा वर चढू लागला तर ती फांदी काढून टाका. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, फांदी अडली तर मुळं धरलीत.

बियांनी सुरुवात करणाऱ्यालाही दुसऱ्या वर्षी फांदीकडेच यावं लागतं. जुनं झाड लाकडी होतं, बुडाशी उघडं पडतं आणि कमी फुलतं. म्हणून फेब्रुवारीत दोन-तीन शेंडे छोट्या कुंड्यांत लावून ठेवा. मोठी कुंडी आत नेणं जिवावर येतं, छोट्या कुंड्या खिडकीत सहज मावतात. पावसाळाभर छपराखाली, भरपूर उजेडात, माती वरून सुकल्यावरच पाणी. महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा या झाडाला मानवते, पण तिथल्या पावसात छप्पर हवंच. मुंबई आणि कोकणच्या दमट उकाड्यात मी बी आणि फांदी दोन्हींचा आग्रह धरणार नाही. डिसेंबरात तयार रोप आणावं आणि हंगामी फूल म्हणून त्याचा आनंद घ्यावा. लंडनला किंवा न्यू जर्सीला असाल तर वेळापत्रक उलटं: फांद्या ऑगस्ट-सप्टेंबरात, कडाक्याचा गारठा पडण्याआधी घरात, बी जानेवारी-फेब्रुवारीत, दिव्याखाली.

पहिल्यांदाच लावणाऱ्यांना मी सांगते, नोव्हेंबरात रोपवाटिकेतून एक ठणठणीत झाड आणा, त्याची फुलं बघा, मग त्याच्याच फांद्या लावा. रंग आधीच पसंत केलेला असतो आणि एक-दोन फांद्या गेल्या तरी आईझाड हाताशी राहतं.

सुगंधी पानांचं जिरेनियम, ज्याची महाराष्ट्रात हल्ली तेलासाठी शेती होते, ते याच कुळातलं पण निराळं. फुलं लहान आणि फिकट, पानं चुरगळली की गुलाबाच्या जवळ जाणारा वास. तेलासाठी लावतात त्या जातीला पेरण्याजोगं बी धरत नाही, शेतकरीही फांद्यांपासून केलेली रोपंच लावतात. ते हवं असेल तर बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नका, कुणाकडून तरी एक शेंडा मागून आणा.